‘जर’च खोटे असेल तर

तर्कशास्त्राच्या अभ्यासातल्या ‘जर-तर’च्या प्रश्नाचे उत्तर बरोबर आले, तरी मन अस्वस्थ आहे. ‘अर्ज तपासला असेल, तर त्यावर शिक्का असतो. या अर्जावर शिक्का आहे.’ निष्कर्ष? काहीच निघत नाही, कारण शिक्का अन्य कारणानेही पडलेला असू शकतो. शिक्का नसता, तर मात्र अर्ज तपासलेला नाही असे ठामपणे म्हणता आले असते. विधानाची नुसती उलटापालट चालत नाही, नुसता नकारही चालत नाही. दोन्ही एकदम केले तरच अर्थ टिकतो. हे सारे मला पाठ आहे.

सलते ते वेगळेच. अर्ज तपासलाच नसेल, तर ‘तपासला तर शिक्का असतो’ हे विधान तर्कशास्त्र खरे मानते, मग शिक्का असो वा नसो. ज्या नियमावर वेळच आली नाही, तो पाळला गेला असे कसे म्हणायचे? ताई म्हणेल, गुण मिळाले ना, मग सोड. सोडवत नाही. बाकीचे पुढच्या प्रकरणात पोहोचले, आणि मीच तेवढी ‘जर’पाशी अडून बसले आहे.

पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये मांडलेले चार पत्त्यांचे कोडे आठवले, तेव्हा जरा धीर आला. प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला संख्या. नियम असा: एका बाजूला स्वर असेल, तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. समोर अ, क, ४ आणि ७ दिसत आहेत. नियम पडताळायला कोणते पत्ते उलटाल? बहुतेकांचा हात ४ कडे जातो. पण ४ च्या मागे व्यंजन निघाले तरी नियम मोडत नाही; उलटायचे असतात ते अ आणि ७, कारण अ मागे विषम संख्या किंवा ७ मागे स्वर निघाला, तरच नियम मोडतो. सुरुवातीच्या प्रयोगांत दहांत एकालाही हे जमले नव्हते, म्हणजे मंदपणा एकट्या माझ्या वाट्याला आलेला नाही.

त्या ७ पाशीच थोडे उलगडले. ‘तपासला तर शिक्का असतो’ याचा नकार ‘तपासला तर शिक्का नसतो’ असा होत नाही. तो ‘तपासला आहे आणि तरीही शिक्का नाही’ असा होतो. त्या नकारात ‘जर’ उरतच नाही, प्रत्यक्ष घडलेली गोष्ट लागते. न तपासलेल्या अर्जाजवळ असा पुरावा कुठून असणार? तेव्हा नियम खरा ठरतो तो पुराव्याअभावी सुटलेल्या आरोपीसारखा. मला तो अजूनही संशयितच वाटतो, पण पर्यायांमध्ये ‘संशयित’ नसते, हे एक बरे.

उद्या ‘तरच’. ‘शिक्का असेल तरच अर्ज तपासलेला असतो’ म्हणजे पुन्हा तपासणीकडून शिक्क्याकडे जाणारा आजचाच बाण. निदान त्याच्याशी नव्याने भांडायला नको.