आमची वाटचाल: न्यूडच्या छपाईची अकरा वर्षं

आम्ही छायाचित्रं आणि चित्रांच्या प्रती छापतो, मर्यादित एडिशनमध्ये, म्हणजे ठरलेल्या संख्येतच आणि प्रत्येक प्रतीवर नंबर घालून. त्यात निम्मं काम न्यूडचं, म्हणजे नग्न शरीराच्या चित्रांचं. नाव त्यानेच मिळवून दिलं आणि टाळं लागायची वेळही त्यानेच आणली.

पहिला भागीदार डार्करूममधला माणूस. फाइल आली की ती आधी काळी-पांढरी करून बघायची, ही सवय त्याची. रंग गेल्यावर खांदा, बरगडी, सावली आणि मोकळी जागा यांचं नातं उरलं, तर ते चित्र आहे. नुसती कातडी उरली, तर छापण्याआधी गिऱ्हाइकाशी बोलायचं. शंभर टक्के खरी ठरेल अशी कसोटी नाही ही, पण आमच्याकडे अजून चालते.

कला कुठे संपते आणि अश्लील कुठे सुरू होतं, ही हद्द कपडे किती आहेत यावरून ठरत नाही. इटालियन चित्रकार तिशियनची ‘उर्बिनोची व्हीनस’ 1538 ची, फ्रेंच चित्रकार मानेची ‘ऑलिम्पिया’ 1863 ची. पोज जवळपास तीच. तरी 1865 मध्ये पॅरिसच्या सलोंमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी कलाप्रदर्शनात, ऑलिम्पियावर इतका गहजब झाला की चित्र उंचावर हलवावं लागलं. मानेने प्रकाश समोरून टाकला, मधल्या छटा जवळजवळ काढून टाकल्या, गळ्यात काळी फीत बांधली आणि नजर थेट बघणाऱ्यावर रोखली. देवी गेली, समोर त्या काळातली बाई आली.

छपाईतही सगळा खेळ मधल्या छटांचा. आम्ही चौरस मीटरला 300 ग्रॅमच्या वरचा सुती मॅट, म्हणजे बिनचमकीचा कागद वापरतो. मॅटवर काळा जेमतेम 1.6-1.7 घनतेपर्यंत (आकडा जितका मोठा तितका काळा गडद) जातो, बराइटा या हलक्या चमकीच्या कागदावर 2.2 च्या पुढे. फाइल तशीच सोडली तर काखेतली, मांडीखालची सावली मॅटवर बुजते, तिथे काळा ठिपका बनतो आणि नजर नेमकी तिथेच जाऊन अडकते. म्हणून कागदाचं प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतील याची फाइल) लावून सॉफ्ट-प्रूफ करायचं, म्हणजे छपाई कशी दिसेल ते आधी पडद्यावर बघायचं, कर्व्हने (छटा कमीजास्त करायच्या सोयीने) गडद छटा थोड्या उजळायच्या, सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ भाग घेऊन चार इंची पट्टी काढायची, 24 तास वाळू द्यायची आणि 5000 केल्विनच्या दिव्याखाली बघायची. पिवळ्या बल्बखाली पास केलेली कातडी दिवसा वेगळीच दिसते. लाल एक-दोन अंश चढला तरी अंग तापल्यासारखं दिसतं. ग्लॉसी कागद आणि चढवलेलं सॅच्युरेशन एकत्र आलं की कातडी तेल लावल्यासारखी चमकते, आणि चांगलं चित्र कॅलेंडर होऊन बसतं.

आमच्या धंद्यातला एक जण तेच करतो. एडिशनचा नंबर नाही, कागदाचं नाव नाही, वर शिक्का ‘फाइन आर्ट’. त्याचं खातं कोणी अडवलं नाही, कारण साइटवर तो फुलं ठेवतो. आमचं अडवलं. एका पेमेंट कंपनीच्या यंत्राने आमच्या छोट्या चित्रांमधली कातडी मोजली आणि चाळीस प्रिंटची आगाऊ रक्कम चार महिने गोठवली. तीनदा लिहिलं, तीनदा तेच छापील उत्तर आलं. कागदवाल्याची उधारी, शाई संपत आलेली, आणि रोजचा नोझल चेक (शाईची छिद्रं मोकळी आहेत का ते छापून बघणं) चुकवून चालत नाही, नाहीतर प्रिंटरचं हेड सुकतं. हा राग अजून गेलेला नाही.

तारलं एका शिल्पकार गिऱ्हाइकाने. चोवीस प्रिंटची पूर्ण रक्कम आधी दिली, आणि प्रत्येक पट्टी स्वतः उभं राहून बघितली.

नव्यांना सांगतो, कागदपत्रं आधी. मॉडेलची सही असलेलं संमतीपत्र, वयाचा पुरावा, तारीख, आणि भिंत, पुस्तक, इंटरनेट यांची परवानगी वेगवेगळी. वयाचा पुरावा नसेल तर फाइल उघडायचीच नाही. तिथे कलेचा मुद्दा येतच नाही. पूर्ण मालिका आणि कॉन्टॅक्ट शीट (सगळ्या फ्रेम छोट्या आकारात एकत्र छापलेला कागद) हीसुद्धा जपा. 1990 मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीत एका कलाकेंद्राने लावलेल्या छायाचित्रकार मेपलथॉर्पच्या 175 छायाचित्रांपैकी 7 वर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा संग्रहालयातल्या जाणकारांनी ज्यूरीला रचना आणि प्रकाश समजावून सांगितला. कलाकेंद्र आणि त्याचे संचालक निर्दोष सुटले.

साइटवर छोटं चित्र टाकताना यंत्राला आपोआप क्रॉप करू देऊ नका. ते चौकोन करताना चेहरा आणि हात कापतं, धड ठेवतं. माउंटच्या पांढऱ्या कडेसकट अख्खी चौकट टाका.