मुनीमजींनी काढली गेमची पट्टी

सणासुदीनंतरच्या रविवारी माझ्या दुकानात दोन प्रकारची माणसं येतात. एक, टेस्ट संपवून हॉस्टेलकडे न जाता थेट इकडे वळलेली नीटची पोरं. दुसरी, सणाला पोराला गेम घेऊन दिलेले आणि आता पस्तावलेले बाप. पोरांसाठी टीव्हीवर गेम खेळायची मशीनं, दोन पीएस५ आणि एक जुना पीएस४, लावलेली असतात. बापांसाठी स्टूल.

लातूरच्या ट्यूशन एरियात गेमचं दुकान म्हटलं की लोक आधी वाकड्या नजरेनंच बघतात. क्लासच्या वेळेत मी कुणाला आत घेत नाही, हे सांगून सांगून थकलो. पण त्या रविवारी आलेल्या गृहस्थांना असलं काही बोलायचंच नव्हतं. ते आडत लाइनीत मुनीम. माझ्या दुकानात कुणी काढत नाही, पण त्यांनी चप्पल दाराशी काढली, स्टुलावर बसले, चष्मा पुसला आणि मोबाइलवरचे बँकेचे मेसेज माझ्यापुढे धरले. मागे अकरावीतला पोरगा, स्वतःच्या बुटांकडे बघत उभा.

"गणपतीत तुमच्याकडून गेमची तबकडी नेली. चार हजार नऊशे नव्याण्णव. पावती हाये माझ्याकडं. मग हे कशाचे पैसे कटलालेत?"

गेमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दोन-चार मोठ्या कंपन्यांचे मारामारीचे गेम आहेत आणि चाल सगळ्यांची जवळपास एकच. मी पोराला दुकानातल्या पीएस५वर त्याच्या आयडीनं लॉगिन करायला लावलं आणि खरेदीची यादी मोठ्या टीव्हीवर उघडली. दोन नवे गडी, प्रत्येकी ६५०. एक पोशाख, ८५०. आणि पास, म्हणजे खेळत जाईल तशी बक्षिसं उघडणारा एक प्रकार, ४९९.

"गडी म्हंजे?"

"लढणारी माणसं, मुनीमजी. डिस्कवर येतात ती वेगळी. नंतर काही महिन्यांनी नवी येतात, ती विकत घ्यावी लागतात."

"अन् ह्यो सदरा? सदरा घातल्यावर ठोसा जोरात बसतो का?"

पोरगा खालच्या आवाजात म्हणाला, "नाही."

मला वाटलं आता कानाखाली बसणार. पण मुनीमजींनी काउंटरवरचं माझं पावतीपुस्तक ओढलं, कार्बन सरळ केला आणि पट्टी लिहायला घेतली. आडतीत शेतकऱ्याला देतात ना, माल किती, भाव काय, हमाली, तोलाई, वजा जाता निव्वळ काय, अगदी तशी. तबकडी ४,९९९. गडी दोन, १,३००. सदरा ८५०. पास ४९९. एकूण ७,६४८. खाली रेघ मारून म्हणाले, "पावणेदोन क्विंटलाच्या वर सोयाबीन झालं बगा हे."

त्या वर्षीचा, म्हणजे २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ होता, पण सप्टेंबरच्या पावसानं भिजलेला माल त्या भावानं कोण घेत होतं. ते बाजारातला खरा भाव धरून बोलत होते. मागची पोरं खेळायची थांबली होती. त्यातल्या निम्म्यांच्या घरी तेच पीक.

मग त्यांनी मला खरा प्रश्न विचारला. गेम एवढे महाग झालेत कशानं? मला हे बाप लोक रोज विचारतात आणि मी रोज 'डॉलर वाढला' म्हणून वेळ मारून नेतो. त्यांच्यापुढे ते चाललं नसतं.

सांगितलं ते असं. अमेरिकेत मोठ्या गेमची किंमत २००५-०६पासून जवळपास पंधरा वर्षं ६० डॉलर होती. २०२०च्या सुमारास पीएस५ आलं तेव्हा ती ७० झाली. २०२३चा मॉर्टल कॉम्बॅट १ आणि २०२४चा टेकन ८, दोन्ही मारामारीचे गेम, ७० डॉलरचे. स्ट्रीट फायटर ६ तेवढा ६० वर आला. नुसत्या डॉलरात बघितलं तर वाढ फार नाही. आपल्याला ती दुहेरी बसते, कारण २०१०च्या आसपास डॉलर ४५ रुपयांच्या घरात होता आणि २०२४मध्ये ८३-८४. शिवाय बनवायचा खर्च. टेकन बनवणाऱ्यांचे तेव्हाचे प्रमुख कात्सुहिरो हारादा यांनी जाहीरपणे सांगितलेलं आहे की टेकन ८चा खर्च टेकन ७च्या जवळजवळ दोन ते तीनपट, आणि नव्वदच्या दशकाच्या मानानं दहापट.

मुनीमजींनी हे शांतपणे ऐकून घेतलं. "खर्च वाढला, पटलं. खतबी महागलंय. पण पोत्याचा भाव एकदा लागला की लागला. महिन्यानं आडत्या येऊन म्हणत न्हाई की त्या पोत्यातल्या अजून चार दाण्यांचे पैसे द्या."

इथं मी त्यांच्या बाजूचा आहे, हे कबूल करतो. मूळ किंमत मला खुपत नाही. खुपतं ते नंतरचं. टेकन ८ आला २६ जानेवारी २०२४ला. त्यातलं पैशाचं दुकान उघडलं महिनाभरानं, म्हणजे सगळ्यांनी कौतुक करून, स्टार देऊन झाल्यावर. एप्रिलमध्ये पास आला, आणि त्याच सुमारास एडी नावाचा गडी. टेकन ३पासूनचा एडी! ज्यांना खेळता येत नव्हतं त्यांनी नुसती बटणं बडवून ज्याच्या जिवावर सगळ्या गल्लीला हरवलं, तो एडी यावेळी वेगळे पैसे भरून. मॉर्टल कॉम्बॅट १मध्ये २०२३च्या हॅलोवीनला शत्रूला संपवायची एक नवी तऱ्हा दहा डॉलरला विकली होती, काही सेकंदांचा खेळ. स्ट्रीट फायटर ६मधले निन्जा कासवांचे पोशाख चारी कासवांचे मिळून घ्यायचे तर जवळपास गेमएवढे पैसे. उलटं उदाहरणही आहे. २०२५च्या फेटल फ्युरी या गेमनं ६० डॉलरमध्येच पहिल्या वर्षाचे नवे गडी देऊन टाकले. पण त्यात रोनाल्डो आहे. फुटबॉलवाला. तो मारामारीच्या गेममध्ये काय करतोय हे मुनीमजींना मी सांगितलं नाही, आधीच अवघड चाललं होतं.

त्यांनी पुढचा रकाना पाडला, तास. पोराच्या प्रोफाइलवर गेम किती वेळ खेळला ते दिसतं. २६ तास.

"तासाला दोनशे चौऱ्याण्णव," मुनीमजी म्हणाले. कॅल्क्युलेटर नाही, काही नाही. "तुमच्याकडं काय घेताव?"

"साठ."

"म्हंजे ह्यानं एकशे सत्तावीस तास खेळला तर तुमच्या भावाला येतंय." मग पहिल्यांदा पोराकडे वळले. "का रं, खेळला का न्हाईस? घेतला तवा तर जेवत नव्हतास."

पोराचं उत्तर मला फार आवडलं, कारण ते खरं होतं. "घरी कुणीच नाही ना पप्पा. ऑनलाइन गेलं की समोरचा लई भारी असतो, अन् लाइन लटकती."

लाइन लटकणं म्हणजे काय ते मुनीमजींना दाखवायला हवं होतं. हे गेम सेकंदाला साठ चित्रांवर चालतात. टेकनमधला सगळ्यात चपळ साधा ठोसा दहाव्या चित्रावर बसतो, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. आता समोरचा खेळाडू दुबईकडचा नाहीतर सिंगापूरचा असला आणि सिग्नल जाऊन यायला शंभर मिलिसेकंद लागले, तर त्यातली सहा चित्रं रस्त्यातच गेली. हल्लीचे चांगले गेम ही तूट अंदाजानं भरून काढतात आणि चुकलं की मागं जाऊन दुरुस्त करतात. तरी लातुरात रात्री अकराला, घरचे सगळे मोबाइलवर असताना, मधेच गडी इकडून तिकडे उडी मारल्यासारखा दिसतो. दुकानात ही भानगड नाही. दोन कंट्रोलर, एक टीव्ही. टीव्ही गेम मोडवर ठेवलेला. चित्र 'सुंदर' दिसणाऱ्या मोडवर ठेवला की बटण दाबणं आणि हात हलणं यात टीव्हीच उशीर करतो. घरी निम्म्या लोकांचा टीव्ही त्याच मोडवर असतो आणि ते कंट्रोलर खराब आहे म्हणून माझ्याकडे घेऊन येतात.

"बसा," मी पोराला म्हणालो. "तुझ्या आयडीवरच खेळ."

समोर बसला तो माझ्याकडचा सगळ्यात चांगला खेळाडू. उदगीरकडचा, रिपीटर, हॉस्टेलवर राहतो. घरी ना कन्सोल ना टीव्ही. त्यानं जन्मात एक गेम विकत घेतलेला नाही. तो नेहमीचा, डिस्कवरचाच गडी घेतो. मुनीमजींच्या पोरानं ६५०वाला नवा घेतला.

उदगीरचा हरला. पहिल्या फेरीत तर सडकून हरला. नवा गडी लांबूनच पाय घसटत येतो आणि शेवटच्या क्षणी एकतर खाली मारतो नाहीतर उडी घेऊन वरून येतो. खालचा वार बसून अडवायचा, वरचा उभं राहून. कोणता येणार हे खांद्याच्या एका हालचालीवरून कळतं, पण ती हालचाल आधी बघितलेली पाहिजे. उदगीरच्यानं ती कधी बघितलीच नव्हती. तो दर वेळी बसला, आणि दर वेळी डोक्यात खाल्ली. दुसऱ्या फेरीत त्यानं दोनदा बरोबर ओळखलं. तिसऱ्यात समोरच्याला धरून फेकायला लागला. तरी उरायचा तो धागाभर जीव मुनीमजींच्या पोराचाच उरला. दुकानात असा आवाज झाला की शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं डोकावून बघितलं.

उदगीरचा उठून थेट माझ्याकडे आला. "भैया, ह्यो गडी दुकानाच्या आयडीवर घ्या. प्रॅक्टिस केल्याशिवाय जमत नसतंय."

मुनीमजींनी पेन खाली ठेवलं. "आसं हाये होय. एकानं घेतला की सगळ्यांनी घ्यायचा."

वर्षानुवर्षं हे गेम विकतोय, पण हे एवढ्या थोडक्यात मला कधी सांगता आलं नव्हतं. ज्याला नवा गडी नको त्यालाही त्याच्याशी लढायची तयारी करायला तो विकत घ्यावा लागतो. पोशाखाचं तसं नाही. पोशाख हौस आहे, ज्याला हवा त्यानं घ्यावा. म्हणून कुणी विचारलं तर माझा सल्ला ठरलेला आहे: घरी दोघं भाऊ असतील, गल्लीत दोन-तीन पोरं रोज जमत असतील, तर पाच हजारांचा मारामारीचा गेम स्वस्त पडतो. गोष्टीचा गेम तीस तासांत संपतो, हा वर्षानुवर्षं संपत नाही. टेकन खेळणारा लाहोरचा अर्सलान ऍश २०१९ला एकाच वर्षी जपानची आणि अमेरिकेची इव्हो, म्हणजे मारामारीच्या गेमची मोठी स्पर्धा, जिंकला, तो अशाच एकमेकांच्या मांडीला मांडी लावून खेळणाऱ्या गर्दीतून वर आला. आपल्याकडचे दोघं २०२३मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत स्ट्रीट फायटर ५ खेळून आलेच. पण पोरगा घरी एकटा असेल तर पहिल्या वर्षी हात लावू नका. दीड-दोन वर्षांनी सगळे गडी घातलेली एडिशन निघतेच. मॉर्टल कॉम्बॅट १ची निघाली, स्ट्रीट फायटर ६ची पहिल्या दोन वर्षांची निघाली. माझा धंदा बुडवणारा सल्ला आहे, पण गिऱ्हाईक परत येतं.

मुनीमजींना मात्र आता तबकडी परत द्यायची होती.

"सेकंडहँडचे सत्तावीसशे देईन," मी म्हणालो. ओरखडा नव्हता, डबी नवीन होती.

"अन् दोन गडी? सदरा?"

"ते डिस्कमध्ये नाहीत. ते पोराच्या आयडीवर आहेत. विकता येत नाहीत."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "माल इकला तर बारदाना परत मागता येतो. हितं तुम्ही म्हणलालाव बारदाना इका, अन् माल घरी ठेवा."

पोरं हसली. मुनीमजी हसले नाहीत, ते विचार करत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "पोराच्या आयडीवर हायेत म्हंजे, ह्यो जिथं जाईल तिथं ते गडी येतेत?"

"लॉगिन केलं की येतात. आत्ता आलेच की."

"मग तुम्ही साडेसहाशे कशाला घालताव?"

मी काही बोललो नाही. पुढे काय येणार ते दिसत होतं. उदगीरच्यालाही दिसत होतं, तो हळूच जवळ सरकला.

ठरलं ते असं. दर रविवारी, टेस्ट झाल्यावर, पोरगा दुकानात येणार आणि स्वतःच्या आयडीनं लॉगिन करणार. बाकीच्यांनी त्याच्या गड्यासमोर सराव करायचा. डिस्कचे सत्तावीसशे मी रोख द्यायचे नाहीत, ते जमा. त्यातून त्याचे तास वळते करायचे, पण साठनं नाही.

"पन्नासनं," मुनीमजी म्हणाले. "गड्याचं भाडं धरून."

"मुनीमजी, वीज, एसी, कंट्रोलर आठ महिन्यांत झिजतो..."

"पंचेचाळीस म्हणलो न्हाई हे बगा."

त्यांनी नवं पान काढलं. जमा २,७००, दर ५०, तास ५४. तारीख घातली, बँकेचं कार्ड पोराच्या आयडीवरून काढून टाकायला लावलं, आणि तेही एक ओळ करून लिहिलं. मग पुस्तक माझ्याकडे सरकवलं. मी सही केली. त्यांनी कार्बनची प्रत स्वतः घेतली आणि मूळ पान माझ्याकडे ठेवलं. दारात चप्पल घालताना काहीतरी लक्षात आलं, परत आत आले आणि दोन्ही बदलून घेतली.