मिठाने पकडलेला मीटर

मी गिटार बनवतोय. गेल्या वेळी तिच्या ब्रेसिंग केलेल्या टॉपचे, म्हणजे आतून आधाराच्या पट्ट्या (ब्रेस) चिकटवलेल्या वरच्या फळीचे, फोटो मोठ्या ऐटीत टाकले होते. ते विसरा. परवा टॉप रिमवर (बाजूंच्या चौकटीवर) नुसता टेकवून पाहायला काढला, लोअर बाउटवर (खालच्या रुंद भागावर) सरळपट्टी आडवी धरली, तर कडांना उजेड जवळजवळ नाहीच. डोम, म्हणजे टॉपचा फुगवटा, गायब. २८ फुटी डिशमध्ये (२८ फूट त्रिज्येच्या खोलगट साच्यात) ४०० मिलिमीटर रुंदीला मधोमध सव्वादोन मिलिमीटरच्या वर फुगवटा हवा. फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मोजला तर जेमतेम अर्धा.

पहिला संशय डिशवर. खडू घासून पाहिलं, डिश चोख. मग गो-बारवर (ग्लू सुकेपर्यंत ब्रेस दाबून धरणाऱ्या वाकवलेल्या काठ्या). बुरुडाकडून आणलेल्या बांबूच्या कामट्या आहेत त्या, आणि फायबरच्या सळयांपेक्षा मला त्याच आवडतात. जास्त जोर लावत असतील तर सुरीने तासून मोकळं. त्यांचाही दोष नव्हता. ग्लूचा जोड कुठेच सुटलेला नाही. मग राहिला हवेतला दमटपणा. पण सप्टेंबरात एसी चार दिवस ड्राय मोडवर ठेवून, आर्द्रतेच्या मीटरवर ४६ टक्के बघूनच ब्रेस चिकटवले होते की!

हे आईला सांगत होतो. ती म्हणाली, "तुझा तो मीटर गणपतीत त्रेसष्ट दाखवत होता ना? तेव्हा माझ्या मिठाला पाणी सुटलं होतं."

मी गप्पच झालो. मीठ हवेतलं पाणी ओढून पाझरायला लागतं ते साधारण ७५ टक्क्यांच्या वर. त्रेसष्टला मीठ खडखडीत राहायला हवं.

बाटलीच्या झाकणात मीठ घेतलं, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं केलं, मीटरसकट घट्ट डब्यात रात्रभर ठेवलं. अशा बंद डब्यात आकडा ७५ च्या आसपासच यायला हवा. सकाळी मीटर ६१ वर. चौदाची थाप! म्हणजे सप्टेंबरातले ४६ खरे साठ होते. ऑनलाइन घेतलेला अडीचशे रुपयांचा मीटर. पुन्हा घ्यायची वेळ आली तर पैसे मोजण्याआधी मीठ.

पुढचा हिशेब सरळ आहे. साठला चिकटवलेला स्प्रूस आता चाळिशीच्या कोरड्या हवेत आला. रेषांना आडवा तो अर्धा टक्का तरी आक्रसतो, म्हणजे ४०० मिलिमीटरला दोन मिलिमीटर. खालचे ब्रेस मात्र लांबीत हलत नाहीत. वरची बाजू आखडली, फुगवटा बसला.

काल रात्री वाटलं, असू दे की. मुंबईत पावसाळ्यात तो आपोआप वर येईल. पुस्तकातले ४५ टक्के हीटरवाल्या घरांसाठी. आपण पन्नास-बावन्नला ब्रेस केलं तरी चालावं. हे मला अजूनही पटतं. पण हे गिटार भाचीसाठी आहे आणि ताई राहते नागपूरला. तिथल्या मे महिन्यात हा टॉप खड्ड्यात जाईल नाहीतर उभा चिरेल. तेव्हा ब्रेस काढायचेच.

जुन्या लोखंडी कपाटात पिवळा बल्ब लावून कोरडी पेटी करायची म्हणून लोहार चाळीत जायला निघालोही होतो. चपला घालताना नव्या मीटरकडे (मिठाची परीक्षा पास) लक्ष गेलं: दुपारचे अडीच, ४१ टक्के. जानेवारीची कोरडी हवा फुकट मिळतेय आणि मी बल्ब आणायला निघालोय! कपाट रद्द. या पंधरवड्यात दुपारी दोन ते पाचमध्येच चिकटवायचं. रात्री टॉप दोन प्लायच्या मध्ये, प्लास्टिकमध्ये गुंडाळून.

एक गोष्ट मात्र झकास झाली. शिसवीची दुसरी साइड न चिरता वाकली. २.१ मिलिमीटर जाडी, जीआय पाइप, आत हीट गन. कमरेच्या वळणाला पाच मिनिटं नुसती चर्रर्र वाफ, लाकूड ढिम्म. मग एकदम हाताखाली मेणासारखं सैल पडलं. घरभर गोडसर वास. शेजारच्या काकू विचारून गेल्या, कसला धूप लावलाय.

आज पहिला टोन बार (छोटा ब्रेस) पटाशीने उतरवला. एक्स-ब्रेसचा (X आकारात एकमेकांना छेदणाऱ्या दोन मुख्य ब्रेसचा) खाचेतला लॅप जॉइंट फार सुंदर बसला होता, त्याला हात लावायचं धाडस अजून होत नाही. नव्या ब्रेससाठी स्प्रूसचा तुकडा एकच उरलाय. कुणाकडे सरळ रेषांचा, रेषेत फोडून काढलेला जास्तीचा असेल तर सांगा.