आमची वाटचाल : २७ जुलैच्या आधीची बिलं

१९९९ साली नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर आम्ही दोघांनी दुकानांसाठी बिलाचं सॉफ्टवेअर बनवायचं काम सुरू केलं. मी दुकानं फिरायचो, भागीदार फॉक्सप्रो या तेव्हाच्या कॉम्प्युटर भाषेत प्रोग्राम लिहायचा. भांडवल म्हणजे एक जुना कॉम्प्युटर आणि १३२ कॉलमचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. मे महिन्यात माडी भट्टीसारखी तापायची. प्रिंटरच्या दातांतून कागदाची भोकं सुटायची आणि विक्री रजिस्टर मधेच तिरपं व्हायचं. तो प्रिंटर अजून ऑफिसात आहे. मी तो भंगारात जाऊ देणार नाही.

इतवारीतले काकाजी आमचे पहिले गिऱ्हाईक. रंग, हार्डवेअर, सिमेंट. पहिला हप्ता देताना म्हणाले, "भाऊ, कॉम्प्युटर ठेवतो, पण माझी वही बंद नाही होणार." लाल कापडी बांधणीची वही. दुकान वाढवायच्या आधी रोज बिलबुक उघडून कराच्या दरानुसार बेरीज मारायची: इतक्याचा माल, इतका कर. तेव्हा मला त्याचा राग यायचा. आमच्या प्रोग्रामवर विश्वास नाही म्हणून मशीन घेऊनही वही लिहितात, असं वाटायचं.

१ एप्रिल २००५ ला व्हॅट आला, त्याच्या रिटर्नचा फॉर्म २३१ आला, आम्ही टिकलो. गिऱ्हाईकं वाढत १६० वर गेली. जुलै २०१७ ला जीएसटी आला, तोही निभावला असं आम्ही समजत होतो.

२१ जुलै २०१८ च्या जीएसटी कौन्सिलच्या बैठकीत रंग-वॉर्निशचा दर २८ वरून १८ टक्के ठरला, लागू झाला २७ जुलैपासून. शुक्रवार होता, गुरुपौर्णिमा. आम्ही सगळ्यांना फोन करून सांगितलं, आयटम मास्टरमध्ये, म्हणजे मालाच्या मूळ यादीत जा, २८ खोडा, १८ लिहा. दुपारपर्यंत नवी बिलं बरोबर निघू लागली. आम्ही पेढे खाल्ले.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात काकाजी वही काखेत मारून स्वतः महालात आले. माडीचे जिने चढून बसले, पाणी प्याले, मग म्हणाले, "भाऊ, तुमचा कॉम्प्युटर माझा टॅक्स खाऊन राह्यला."

१ ते २६ जुलै त्यांची रंगाची विक्री ६,४०,००० रुपयांची. वहीत कर १,७९,२००. आमच्या जीएसटीआर-१ च्या, म्हणजे विक्रीच्या रिटर्नच्या रिपोर्टात १,१५,२००. चौसष्ट हजारांचा फरक. गिऱ्हाईकाकडून २८ टक्क्यांनी घेतलेला कर रिपोर्ट १८ टक्क्यांनी दाखवत होता.

चूक आमचीच होती, आणि ती कुठे होती ते या धंद्यातला माणूस लगेच ओळखेल. व्हॅटच्या काळात आमच्याकडे प्रत्येक दराचं विक्री खातं वेगळं असायचं. सप्टेंबर २०१६ मध्ये १२.५ चे १३.५ झाले तेव्हा नवं खातं उघडलं आणि मोकळे झालो. जीएसटीच्या घाईत मात्र आम्ही दर आयटमला चिकटवला. बिल छापताना कर बरोबर यायचा, पण बिलाच्या ओळीत दर साठवतच नव्हतो. रिपोर्ट काढताना प्रोग्राम पुन्हा मास्टरकडे जायचा आणि आजचा दर उचलून जुन्या बिलांना लावायचा.

सगळ्यांना फोन केले, रिटर्न थांबवा. तोवर १९ जणांचं गेलं होतं. त्यांच्याकडून रंग घेतलेल्या ठेकेदारांच्या २ए मध्ये (खरेदीवरचा किती कर आपल्या करातून वजा मिळेल ती यादी) कमी क्रेडिट दिसलं, त्यांनी पेमेंट अडवलं. पुढच्या जीएसटीआर-१ मध्ये जुन्या बिलांच्या दुरुस्तीच्या ९ए तक्त्यात एकेक बिल दुरुस्त करावं लागलं. ज्यांनी कर कमी भरला त्यांना वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज बसलं. ते व्याज आम्ही आमच्या खिशातून दिलं. त्यासाठी बायकोच्या बांगड्या गहाण पडल्या, हे आज पहिल्यांदा लिहितो आहे. भागीदार अकरा रात्री घरी गेला नाही. छापलेल्या बिलांवरून प्रत्येक ओळीत दर, करपात्र रक्कम आणि कर असे तीन रकाने त्याने भरून काढले.

आणि याच दिवसांत गांधीबागेतली दुसरी एक सॉफ्टवेअरवाली मंडळी आमच्या गिऱ्हाईकांकडे पोचली. नाव घेत नाही. ज्या पोराला मी कामाला लावलं, स्कूटर घेऊन दिली, तोच आमची यादी घेऊन त्यांच्याकडे गेला. दुकानात बसून सांगायचे, "आमच्यात फरक येतच नाही." दिवाळीपर्यंत ७१ जण गेले.

फरक का येत नाही, ते मी नंतर एका जुन्या गिऱ्हाईकाच्या दुकानात पाहिलं. महिन्याचा राउंड ऑफ, म्हणजे बिलं पूर्ण रुपयात आणताना सुटलेले पैसे, ४,३१२ रुपये! एका बिलावर राउंड ऑफ जास्तीत जास्त ५० पैशांचा. चार हजारांसाठी आठ हजारांवर बिलं हवीत, तीही सगळी एकाच बाजूला झुकलेली. त्या दुकानात महिन्याला चारशे बिलं होती. रिपोर्ट आणि खातं जुळलं नाही की उरलेली रक्कम राउंड ऑफमध्ये ढकलायची, अशी ती सोय होती. आमची चूक मोठी होती, पण ती दिसली. इथे चूक झाकून ठेवायचे पैसे घेत होते. सात वर्षं झाली, अजून हे गळ्याखाली उतरत नाही.

म्हणून आमच्या रिपोर्टाचं शेवटचं पान फरकाचं असतं. ज्या बिलात कर आणि दर गुणिले रक्कम जुळत नाही, ते बिल नंबरासह छापलं जातं. पुष्कळांना ते आवडत नाही. ते पान काढून द्या म्हणतात. मी देत नाही.

दुकानदारांनो, तुमचं सॉफ्टवेअर कोणाचंही असो, रिटर्न भरण्याआधी तीन आकडे शेजारी ठेवा: विक्री रजिस्टरमधला कर, खातेवहीतली सीजीएसटी-एसजीएसटी-आयजीएसटीची (केंद्राचा, राज्याचा आणि परराज्यातल्या विक्रीचा कर) जमा, आणि जीएसटीआर-१ चा कर. क्रेडिट नोटा, म्हणजे आधीच्या बिलाची रक्कम कमी करणाऱ्या चिठ्ठ्या, तिन्हीकडे वजा आहेत ना, तेही बघा. भरलेला महिना कुलूपबंद करा. जुनं बिल उघडून खोडू नका, क्रेडिट नोट काढा. आणि परराज्यातल्या व्यापाऱ्याचं राज्य पत्त्यावरून ठरवू नका, जीएसटी नंबराचे पहिले दोन आकडे वाचा. बालाघाटच्या गिऱ्हाईकाचा पत्ता नागपूरच्या ट्रान्सपोर्ट गोदामाचा लिहिलेला असतो. २३ दिसले की तो मध्य प्रदेशचा, २७ आपला.

गेलेल्यांपैकी ३४ परत आले. बाकीच्यांच्या पाट्या जाता-येता दिसतात.

२२ सप्टेंबर २०२५ ला पुन्हा महिन्याच्या मधेच दर बदलले. घटस्थापनेचा दिवस होता. सिमेंट २८ वरून १८. आता आमच्याकडे दराला तारीख असते. आदल्या रात्री आम्ही दोघं ऑफिसातच थांबलो. सकाळी आठपासून फोन समोर ठेवून बसलो होतो. अकराला काकाजींच्या मुलाचा आला. काकाजी आता दुकानात कमी येतात, पण त्या दिवशी आले होते. १ ते २१ ची सिमेंटची बिलं वहीशी ताडून पाहत होते.

मुलगा म्हणाला, "बाबा म्हणतात, जुळलं. पण वही चालू राहील."