जुन्या ट्रकच्या दाराचा लॉक सिलिंडर निघाला

चालकाच्या बाजूच्या दाराचा लॉक सिलिंडर, म्हणजे किल्ली घालतो तो कुलपाचा गोल भाग, काल एकदाचा बाहेर आला. किल्ली आत जात होती, पण फिरत नव्हती. सिलिंडरचे ओतकाम जस्ताच्या मिश्रधातूचे आणि ठिसूळ असल्यामुळे बाहेरून जोर लावण्याचा मोह टाळला आणि दाराचे आतल्या बाजूचे आवरण काढायला घेतले.

प्रथम काच पूर्ण वर चढवली, कारण ती खाली असताना सिलिंडरच्या मागे बोटे पोहोचत नाहीत. काचेच्या हँडलमागे घोड्याच्या नालेसारखी क्लिप असते. तिथे कापडाची अरुंद पट्टी अडकवून, बुटाला पॉलिश करतात तशी, दोन्ही हातांनी मागेपुढे ओढली की क्लिप निघते आणि हँडल सुटते.

खरा वेळ गेला तो सिलिंडरच्या क्लिपपाशी. बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या अंगाला, सिलिंडरच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत, यू आकाराची एक चपटी स्प्रिंग क्लिप बसलेली असते आणि सगळा सिलिंडर तिच्यावरच अडकून असतो. छोटा आरसा आणि तिरकी धरलेली बॅटरी यांच्या मदतीने पाहिले, तेव्हा गंजाच्या पापुद्र्याखाली तिची वळलेली कड ओळखू आली. गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू दिले. सकाळी सिलिंडरपासून लॅचकडे (दार धरून ठेवणाऱ्या खटक्याकडे) जाणारा दांडा सोडवला आणि लांब स्क्रूड्रायव्हर कडेला टेकवून हलक्या हातोडीने टकटक केली. सातआठ ठोक्यांनंतर क्लिप जेमतेम दोन मिलिमीटर सरकली, आणि मग मात्र नोज प्लायरने सहज ओढता आली. दुसऱ्या दाराच्या वेळी हीच क्लिप दाराच्या तळाशी पडून चुंबकाने अर्धा तास शोधावी लागली होती, म्हणून या खेपेस खाली आधीच जुने फडके कोंबून ठेवले होते.

सिलिंडरच्या तोंडावरची पातळ टोपी कडेने दुमडून बसवलेली असते. ती उकलण्याचे धाडस केले नाही. रॉकेलमध्ये बुडवून, किल्ली हळूहळू आतबाहेर करत राहिल्यावर काळा चिकट मळ सुटला आणि आत दबून बसलेल्या दोन पितळी वेफर (किल्लीच्या दात्यांनुसार वरखाली होणाऱ्या चपट्या पट्ट्या) पुन्हा उसळू लागल्या. तिसऱ्या धुण्यानंतर किल्ली फिरली. वाळल्यावर तेल न घालता ग्रॅफाइटची पूड फुंकली, कारण तेलावर धूळ बसून पुन्हा तोच चिखल होतो.

मळ निघाल्यावर सिलिंडरच्या अंगावर किल्लीचा कोड (तशीच किल्ली बनवायला लागणारा क्रमांक) ठसठशीत दिसला. तो वहीत उतरवून ठेवला आहे. पत्रा आणि सिलिंडर यांमधले रबरी गॅस्केट मात्र हातातच तुकडे होऊन आले, त्यामुळे नवे मिळेपर्यंत जोडणी थांबली आहे.