मायनर आडवाटेला: भरल्या गाडीची तयारी, आतापर्यंतचं काम

गाडी मॉरिस मायनर १०००, दोन दारांची. १०९८ सीसी इंजिन, एकच एसयू एचएस-२ कार्बोरेटर, डायनॅमो, चारही चाकांना ड्रम ब्रेक. बेत असा की दोन मोठी माणसं, दोन मुलं आणि सामान घेऊन हमरस्ता सोडून जायचं. वाटेत घाट, उखडलेलं डांबर आणि मध्येमध्ये कच्चा रस्ता.

मूळ मुद्दा आधी. रिकामी मायनर जेमतेम पाऊण टनाची. चार माणसं, सामान, पाणी आणि हत्यारं धरली की पावणेतीनशे किलोच्या आसपास भर पडते, म्हणजे वजन एक तृतीयांशाने वाढतं. इंजिनाची ताकद ४८ अश्वशक्ती, ती तेवढीच राहते. एकट्या ड्रायव्हरच्या फेरीत जे दुखणं दिसतही नाही, ते भरल्या गाडीत पहिल्या लांब चढावर उघडं पडतं. म्हणून खालच्या सगळ्या चाचण्या भार टाकून घ्यायच्या. माणसांऐवजी पाण्याचे दहा-दहा लिटरचे कॅन ठेवले की वजनाचा हिशेब सोपा होतो. कॅन बेल्टने बांधा, नाहीतर पहिल्या जोरदार ब्रेकला सगळे पुढे येतात.

पुढची ट्रनियन

मायनरमध्ये ज्याकडे काणाडोळा करून चालतच नाही ते हे. पुढचं चाक ज्या उभ्या पिनवर वळतं ती स्विव्हल पिन वर आणि खाली ट्रनियनमध्ये, म्हणजे तिला धरणाऱ्या सांध्यात, आट्यांवर बसलेली असते. गाडीच्या एका बाजूला उजवे आटे, दुसऱ्या बाजूला डावे. ग्रीस कमी पडलं की आटे झिजतात, आणि अति झिजले की पिन ट्रनियनमधून सुटते. मग चाक मडगार्डखाली आडवं होतं. हे बहुतेक वेळा वळताना किंवा खड्ड्यात होतं, आणि आडवाटेला या दोन्हींची कमतरता नसते.

तपासायचं असं: चाक उचलायचं, वरून आणि खालून धरून हलवायचं. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर तो व्हील बेअरिंगचा. तरीही राहिला तर ट्रनियनचा, आणि तिथे ग्रीस भरून वेळ मारून नेता येत नाही, सुटे भाग बदलावे लागतात. या गाडीत डावीकडे खालच्या ट्रनियनला खेळ होता. पिन आणि ट्रनियन जोडीनेच बदलली. जुन्या पिनवर नवी ट्रनियन बसवण्यात अर्थ नाही, झिजलेले आटे नव्यांनाही खातात.

प्रत्येक बाजूला ग्रीस भरायचे तीन निपल आहेत: वरची ट्रनियन, खालची ट्रनियन आणि ट्रॅक रॉडचं (स्टिअरिंगच्या दांड्याचं) टोक. चाक हवेत असतानाच ग्रीस मारायचं. जमिनीवर टेकलेल्या गाडीत आट्यांची एक बाजू भाराने दाबलेली असते आणि ग्रीस नेमकं तिथे पोचत नाही. जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत गन चालवायची. मूळ पुस्तकात दर १००० मैलांनी म्हटलं आहे. धूळ आणि पाणी असेल तर आमचा नियम ५०० किलोमीटर, आणि पाण्यातून गाडी काढली तर त्याच संध्याकाळी.

पुढचे आर्मस्ट्राँग डॅम्पर (धक्के शोषणारे) तेलाने वरपर्यंत भरले. त्यांचीच दांडी सस्पेन्शनचा वरचा हात असते, त्यामुळे गळका डॅम्पर म्हणजे नुसती गैरसोय नव्हे. खडबडीत रस्त्यावर सलग वेगात गेलं की आतलं तेल तापून फेसाळतं आणि गाडी नाचायला लागते. त्यावर उपाय एकच, वेग कमी करणं.

ब्रेक

ब्रेकचं सर्किट एकच आहे. कुठेही गळती झाली तर चारही चाकांचे ब्रेक जातात आणि उरतो फक्त मागच्या चाकांचा हँडब्रेक. म्हणून हँडब्रेकही चाचणीत धरला आहे: भरल्या गाडीला चढावर आणि उतारावर, दोन्हीकडे त्याने रोखून धरलं पाहिजे.

मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, चॅसिसच्या पट्टीत आहे. कार्पेट उचलून रबरी बूच काढलं की झाकण दिसतं. जागा नजरेआड असल्याने ब्रेक ऑइल बघायचं राहून जातं, आणि बघायला गेलं तर वरची माती थेट आत पडते. आधी ब्रशने, मग ओल्या फडक्याने जागा पुसून मगच झाकण उघडायचं. मातीचा एक कण रबरी सीलवर ओरखडा काढायला पुरतो.

सगळं जुनं ब्रेक ऑइल काढून डॉट ४ दर्जाचं भरलं. नवं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. हवेतली ओल शोषून घेतल्यावर तीच मर्यादा १५५ पर्यंत उतरते, आणि लांब उतारावर व्हील सिलिंडरजवळ तेवढी उष्णता येऊ शकते. ऑइल उकळलं की पाइपमध्ये वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. ड्रमचं स्वतःचं दुखणं निराळं: तापून ड्रम फुगतो, आतल्या ब्रेक शूपासून लांब जातो, पेडलचा प्रवास वाढतो. पेडल लांब पण घट्ट असेल तर ड्रम तापलेत, थांबून गार होऊ द्या. पेडल स्पंजासारखं लागत असेल तर पाइपमध्ये हवा किंवा वाफ आहे. तिथे पुढे जायचं नाही.

सेटिंग करताना पुढच्या प्रत्येक चाकाला दोन अ‍ॅडजस्टर असतात, मागच्याला एक. पुढचा दुसरा विसरणं ही नेहमीची चूक, आणि मग गाडी एका बाजूला ओढते. चाक अडेपर्यंत अ‍ॅडजस्टर फिरवायचा, मग एक खट मागे. मध्ये पेडल एकदा दाबून शू मधोमध बसू द्यायचे.

उतारावर दुसरा गिअर, आणि तोही उतार सुरू होण्याआधी. पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअरचा वेग आपोआप जुळवणारी सोय) नाही, त्यामुळे चालत्या गाडीत तो टाकायचा तर डबल क्लच हवा, म्हणजे मध्ये न्यूट्रल घेऊन क्लच दोनदा दाबायचा. चढावरच्या तीव्र वळणात दुसऱ्यात दम तुटला आणि पहिला बसला नाही, तर भरली गाडी मागे येऊ लागते. वळणाआधीच ठरवून टाका.

पाणी आणि उष्णता

मायनरला मुळात तापमानाचा काटाच नाही. केशनळीचा साधा यांत्रिक गेज बसवला. त्याला वीज लागत नाही, म्हणून बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडलंय (अर्थ) याचा प्रश्नच येत नाही. पाणी साधारण साडेपाच लिटर, त्यात एक तृतीयांश कूलंट. रेडिएटर उलट्या दिशेने धुतला. खालचा ड्रेन टॅप गाळाने बुजलेला होता, तारेने मोकळा करावा लागला.

वॉटर पंप आणि सिलिंडर हेड यांच्यामधला आखूड बायपास होस घरीच बदला. जुना आहे म्हणजे तो जाणारच, आणि साधा होस बसवायला वॉटर पंप काढावा लागतो. घड्या असलेला लवचीक प्रकार मिळतो, तो दाबून पंप न काढता बसतो. तसला एक सुट्या भागांतही ठेवला आहे. फॅन बेल्ट मधोमध दाबल्यावर सुमारे १३ मिलिमीटर आत गेला पाहिजे. जास्त ताणला तर डायनॅमो आणि वॉटर पंपाची बेअरिंगं जातात.

गाडी कधी तापते यावरून कारण कळतं. हळू चढावर तापते पण सपाटीला गार होते: हवा कमी पडते आहे, किंवा ठिणगीचं टायमिंग मागे आहे. उलट, मोकळ्या रस्त्यावर वेगात तापते: रेडिएटर आतून बुजलाय, पाणीच पुरेसं फिरत नाही. अडचणीत हीटर पूर्ण उघडायचा. मुलं कुरकुर करतील, पण तो दुसरा छोटा रेडिएटरच आहे. गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडायचं नाही.

चढावर भार घेतल्यावर इंजिन ठोकत असेल तर डिस्ट्रिब्युटरवरची खाचांची छोटी चकती आर अक्षराकडे (ठिणगी उशिरा पडेल अशी) काही खटके फिरवायची. त्या चकतीवरून काम भागतं, क्लॅम्प सोडावा लागत नाही.

बंद पडली तर: पेट्रोल की करंट?

कार्बोरेटर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या बरोबर वर आहे. चढ संपवून लगेच गाडी बंद केली की खालची उष्णता वर येते आणि फ्लोट चेंबरमधलं (कार्बोरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीतलं) पेट्रोल उकळतं. म्हणून माथ्यावर पोचल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवायचं, मग बंद करून बॉनेट उघडायचं. तरीही गरम इंजिन सुरू होत नसेल तर अ‍ॅक्सिलरेटर अर्ध्याहून जास्त दाबून तसाच धरायचा आणि स्टार्टर मारायचा. चोकला हात लावू नये.

एसयू पंप (विजेवर चालणारा पेट्रोलचा पंप) ऐकायला शिका, तो बरंच सांगतो. इग्निशन चालू केल्यावर टकटक होऊन थांबला तर चेंबर भरलं, पेट्रोल ठीक आहे. सलग भराभर वाजतोय तर टाकी रिकामी, कुठून तरी हवा खेचतोय, किंवा पाइपमध्ये वाफ धरली आहे. अजिबात वाजत नाही तर बहुधा त्याचे पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) चिकटलेत. पान्याच्या मुठीने हलकेच टोकला की बरेचदा जागा होतो. इंजिन बंद असताना मधूनच एखादा टक येत राहिला तर फ्लोट चेंबरचा नीडल व्हॉल्व्ह किंवा गळती बघा, आणि हे काम त्याच जागी करा, कारण गळणारं पेट्रोल गरम मॅनिफोल्डवर पडतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुनी रबरी नळी आणि डायफ्रॅम खातं, म्हणून नळ्या एसएई जे३० आर९ दर्जाच्या टाकल्या.

पेट्रोल ठीक असेल तर प्लग काढून, इंजिनाला टेकवून ठिणगी बघा. उडालेलं पेट्रोल आजूबाजूला नसावं. ठिणगी फिकी आणि डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटवर मात्र निळ्या ठिणग्यांचा खेळ, तर पॉइंटला जोडलेला कंडेन्सर गेला. गार असताना व्यवस्थित, तापल्यावर मिसिंग (इंजिन अडखळणं), वीस मिनिटांनी पुन्हा व्यवस्थित, असं चक्र असेल तर कॉइलवर (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या) संशय घ्या. साध्या १२ व्होल्ट कॉइलचा प्रायमरी रोध ३ ओहमच्या आसपास असतो, पण तो गरम असतानाच मोजा. गार कॉइल सगळं बरोबर दाखवते. हल्लीच्या नव्या कंडेन्सरवर आमचा फारसा विश्वास नाही. गाडीत बसवून चालवून पाहिलेला जुना कंडेन्सर सुट्या भागांत ठेवलेला बरा. डिस्ट्रिब्युटरचा रोटर रिव्हेट नसलेलाच घ्यावा, रिव्हेटमधून करंट शाफ्टला उतरतो.

डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटचं अंतर ०.३८ मिलिमीटर, प्लगचं ०.६४, व्हॉल्व्हच्या टॅपेटचं गार इंजिनावर ०.३०. तिन्ही आकडे बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवले आहेत.

पॉझिटिव्ह अर्थ आणि मुलांचे फोन

हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. मायनरमध्ये बॅटरीचं धन टोक बॉडीला आहे. बाजारातल्या चार्जर सॉकेटचं बाहेरचं धातूचं कवच ऋण असतं. ते पत्र्याच्या डॅशबोर्डमध्ये बसवलं की थेट शॉर्ट. सॉकेट प्लॅस्टिकच्या डबीत बसवला, दोन स्वतंत्र तारा बॅटरीपर्यंत नेल्या, आणि ५ अँपिअरचा फ्यूज ऋण तारेवर, बॅटरीजवळ. चार्जरला लावलेल्या केबलचं उघडं टोक लोखंडाला टेकलं तरी ठिणगी पडू शकते, म्हणून केबल लोंबत ठेवायची नाही.

डायनॅमो ऐन भरात २२ अँपिअर देतो, आयडलिंगला जवळपास काहीच नाही. हेडलाइट, वायपर, पंप आणि इग्निशन मिळून पंधरा-सोळा अँपिअर खातात. पावसात, अंधारात, हळू गाडी चालवताना फोन चार्जिंग बंद.

सीट, बेल्ट आणि धूर

दोन दारांच्या गाडीत पुढची सीट अख्खी पुढे कलते आणि तिला अडकवणारा खटका नसतो. मागच्या माणसाचं वजन तिच्यावर आलं की ती पुढे जाते, म्हणून सीटच्या मागच्या पायांना अडकणारी कडी बसवली. मागे तीन टोकांचे बेल्ट घातले: ७/१६ यूएनएफ (इंची मापाच्या आट्यांचे) बोल्ट, पत्र्याच्या पलीकडे ३ मिलिमीटर जाडीची पट्टी. नुसत्या गंजक्या पत्र्याला बोल्ट मारणं म्हणजे बेल्ट नसल्यासारखंच. मुलांच्या बूस्टर सीटला खांद्याचा पट्टा लागतो, दोन टोकांचा कमरेचा बेल्ट चालत नाही.

सायलेन्सरची गळती तपासताना इंजिन आयडलिंगला ठेवून नळीच्या तोंडावर जाड ओलं फडकं काही सेकंद दाबायचं. जिथे फुसफुस ऐकू येते तिथे गळती. डिकीचं रबर कडक झालं होतं, बदललं. फायरवॉलमधल्या (इंजिन आणि केबिन यांच्यातल्या पत्र्यातल्या) वापरात नसलेल्या भोकांना बुचं लावली. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि मागे झोपलेलं मूल तक्रार करत नाही, म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा अलार्म मागच्या सीटच्या उंचीवर लावला.

बाकी काम

जॅक लावायची मूळ जागा गंजलेली आहे, तिच्यावर भरवसा नाही. बॉटल जॅक आणि खाली ठेवायला ३० बाय ३० सेंटिमीटरची १८ मिलिमीटर प्लायची फळी घेतली आहे. मऊ मातीत फळीशिवाय जॅक वर जाण्याऐवजी खाली जातो. टायर १४५ रेडियल, हवा पुढे २४, मागे भरल्या गाडीला २८ पीएसआय. मागचे पाटे थोडे बसलेत, त्यामुळे जड सामान डिकीच्या अगदी पुढच्या टोकाला, सीटच्या पाठीला लागून. टपावर काही नाही.

हेडलाइट राहिलेत. भार टाकल्यावर मागचा भाग बसतो आणि उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. गाडी भरून, सपाट जागी, भिंतीपासून १० मीटरवर उभी करायची. डिपरची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा १० सेंटिमीटर खाली हवी. स्क्रू किती फेरे फिरवला ते टेपवर लिहून दिव्याच्या वाटीत आतून चिकटवायचं, म्हणजे गाडी रिकामी झाल्यावर तेवढाच उलटा फिरवता येतो.