ग्रँड कॅन्यन बघितलं एकदाचं!

आई-बाबा सप्टेंबरात पुण्याहून आले तेव्हापासून ग्रँड कॅन्यनचं बुकिंग करून ठेवलं होतं आणि १ ऑक्टोबर २०१३ ला शटडाऊन झालं, म्हणजे वॉशिंग्टनमध्ये खर्चाच्या मंजुरीवरून भांडण आणि केंद्र सरकारचं कामकाज ठप्प, त्यामुळे पार्कच बंद, आई रोज विचारायची अगं उघडलं का गं, आणि मला काय सांगावं तेच कळत नव्हतं.

काल रात्री बातमी आली की पार्क उघडायला ॲरिझोना राज्यच पैसे भरतंय, दिवसाला ९३ हजार डॉलर, ७ दिवसांचे ६ लाख ५१ हजार, त्यातून फेडरल रेंजर्सचे, म्हणजे पार्क सांभाळणाऱ्या केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचे, पगार निघणार. पहाटेच फिनिक्सहून निघालो.

गेटबाहेरच्या टुसायान गावात थांबलो. जिथे नाश्ता केला तिथली बाई बाबांना म्हणाली, दहा-अकरा दिवस एक गिऱ्हाईक नव्हतं हो. गावातल्या धंदेवाल्यांनीही या पैशात आपली भर घातलीय. मला फार वाटलं ते ऐकून. भांडण वॉशिंग्टनमध्ये आणि चूल बंद हिची! शेजारच्या युटा राज्यानेही आपल्या पार्कांसाठी असेच पैसे भरलेत, पण ज्या राज्याकडे पैसे नाहीत त्यांनी काय करायचं? आणि हे ७ दिवस संपले नि तिकडे तोडगा नाहीच निघाला तर?

गेटवरच्या रेंजरने पास देताना वेलकम बॅक म्हटलं, आवाज भरून आला होता तिचा. दरीच्या काठावरच्या मॅथर पॉइंटला आई कठड्याला धरून नुसती उभी राहिली, किती वेळ बोललीच नाही, मग हळूच हात जोडले.